मे महिन्यात धरणाकाठी कॉटेज घ्यायचं का? पहिल्यांदा जाणाऱ्या कुटुंबासाठी

परीक्षा संपल्या, पोरांनी घर डोक्यावर घेतलंय, आजी-आजोबा गावाहून आलेत, आणि फॅमिली ग्रुपवर कुणीतरी पवना लेकच्या कॉटेजचा फोटो टाकलाय, हिरवेगार डोंगर, अंगणाला टेकलेलं निळं पाणी, दोन खुर्च्या. दहा मिनिटांत सगळे "चला जाऊया" म्हणून मोकळे. त्या "चला जाऊया" आणि ॲडव्हान्स भरणं यांच्या मधे दोन-तीन दिवस जाऊ द्या आणि तेवढ्यात काय काय बघायचं ते खाली लिहितोय. पवना, भंडारदरा, तापोळा-बामणोली, मुळशी, पानशेत, यातलं कुठलंही असो, विचार करायची पद्धत तीच.

पहिलं काम: पाणी कुठे आहे ते बघा

हे सगळ्यात महत्त्वाचं म्हणून आधी. आपल्याकडे सह्याद्रीत जे लेक म्हणतात ते जवळपास सगळे धरणाचे जलाशय आहेत, आणि धरण हे वापरायला बांधलेलं असतं. पावसाळ्यात ते ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत भरतं, मग शेतीची आवर्तनं सुटतात, शहराला पिण्याचं पाणी जातं, वीजनिर्मितीला पाणी जातं, आणि मे अखेरीला पाणी वर्षातल्या सगळ्यात खालच्या पातळीला येतं. पवनेचं पाणी पिंपरी-चिंचवड पितं, मुळशीचं पाणी टाटांच्या वीजघरासाठी खाली कोकणात भिऱ्याला उतरतं, तापोळ्याचा शिवसागर म्हणजे कोयना धरणाचा फुगवटा, 105 टीएमसीचं (म्हणजे 105 अब्ज घनफुटांचं) धरण आहे पण मे मधे तिथेही काठ लांबच्या लांब उघडे पडतात. जाहिरातीतला फोटो बहुतेक वेळा सप्टेंबर-ऑक्टोबरचा असतो. फोटो खरा असतो, फक्त तुम्ही जाणार त्या महिन्याचा नसतो.

म्हणजे मे मधे "लेक टच" कॉटेजच्या कुंपणापलीकडे काय दिसतं तर आधी भेगा पडलेला वाळका गाळ, मग पाणी टप्प्याटप्प्याने उतरल्याच्या आडव्या रेघा, मग चरणाऱ्या म्हशी, कुठे गाळपेराचं (उघड्या पडलेल्या गाळात पेरलेलं) एखादं वावर, आणि त्याच्याही पुढे पाणी. आजोबांना तिथवर चालवत नेणं होत नाही, आणि दुपारी बारा वाजता तर कुणालाच होत नाही.

कसं तपासायचं? जलसंपदा विभाग धरणांचा पाणीसाठा रोज जाहीर करतो, पुणे-नाशिक-सातारच्या पेपरात पण छापून येतो. त्यात उपयुक्त साठ्याची टक्केवारी बघा आणि गेल्या वर्षी याच तारखेला किती होता तेही बघा. आकडा पंचवीस-तीसच्या आसपास असेल तर अंगणाला टेकलेलं पाणी विसरायचं. दुसरं, सरळ कॉटेजवाल्याला फोन लावा आणि "लेक जवळ आहे ना?" असं विचारू नका, त्याचं उत्तर नेहमी "हो" च येतं. असं विचारा: "दादा, आज या घडीला गेटपासून पाण्यापर्यंत चालत किती मिनिटं लागतात? आणि गेटवर उभं राहून पाण्याकडे तोंड करून आजचा एक व्हिडिओ पाठवाल का?" जो लगेच पाठवतो त्याच्याशी पुढचं बोला. "नेटवर्क नाही, उद्या टाकतो" असं दोन-तीन दिवस चाललं तर दुसरं बघा.

पाणी उतरलेलं असतं म्हणजे सगळं वाया असंही नाही बरं का. पवना धरणात बुडालेलं वाघेश्वराचं जुनं दगडी मंदिर उन्हाळ्यातच उघडं पडतं, एरवी वर्षाचे बरेच महिने ते पाण्याखाली असतं. सकाळी सातच्या आत मुलांना घेऊन तिथे गेलात तर दगडांवरचं कोरीवकाम हात लावून बघता येतं, आणि इथे आधी गाव होतं, माणसं राहत होती, धरणासाठी त्यांना उठावं लागलं, हे मुलांना तिथे उभं राहून सांगितलं की कळतं. माझ्या मते मे मधे पवनेला जायचं सगळ्यात चांगलं कारण हेच आहे. पण हे बघायला कॉटेजच हवं असं काही नाही, एका दिवसात जाऊन येता येतं.

दुसरं: हवा. गार असेल ही समजूत सोडा

लेक म्हणजे थंड असं डोक्यात बसलेलं असतं. हवेचा साधा हिशोब असा की उंची हजार मीटरने वाढली की तापमान साधारण सहा अंशाने उतरतं. पुण्यापेक्षा पवनेची उंची थोडीशीच जास्त, त्यामुळे दुपारच्या उन्हात फार फरक पडत नाही, पाण्यावरून वारा येतो तो संध्याकाळी. तापोळ्याला जाताना महाबळेश्वरवरून घाट खाली उतरता, म्हणजे गारवा वर ठेवून जाता. ज्यांना गारवाच हवाय त्यांनी महाबळेश्वरला राहावं आणि एक दिवस तापोळ्याला बोटिंगला उतरावं, असं माझं स्पष्ट मत आहे. भंडारदऱ्याला रात्र बरी जाते, दुपार तिथेही तापतेच.

त्यामुळे दुपारी बारा ते चार सगळे आत असणार हे धरून चाला, आणि म्हणून खोली कशी आहे हे बाहेरच्या लॉनपेक्षा महत्त्वाचं. छप्पर पत्र्याचं आहे का? ए-फ्रेम कॉटेज फोटोत फार गोड दिसतात पण पत्रा आणि प्लायचं काम असेल तर दुपारी आत भट्टी होते, एसी असला तरी व्होल्टेज कमी पडलं की तो नुसता घुरघुरतो. कौलारू किंवा स्लॅबचं घर, मोठा व्हरांडा, अंगणात आंबा-जांभळाची सावली असेल तर ते घ्या, फोटोत साधं दिसलं तरी. टेंट तर मे मधे लहान मुलं आणि म्हाताऱ्या माणसांना नकोच.

आणि वळीव! मे चा दुसरा पंधरवडा म्हणजे दुपारी चार-पाचला ढग दाटून येणार, वादळ, विजा, कधी गारा. धरणाकाठ मोकळा असतो, तिथे उभा माणूसच सगळ्यात उंच. गडगडाट ऐकू आला की पाण्याजवळून, झाडाखालून, टेंटमधून उठून पक्क्या घरात किंवा गाडीत यायचं, भजी नंतर. दामिनी नावाचं ॲप आहे, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने बनवलेलं, जवळपास वीज पडण्याची शक्यता असली की सांगतं, ते निघायच्या आधी टाकून ठेवा. वादळात झाड पडून लाईट गेली की महावितरणची माणसं पोचेपर्यंत रात्र जाते, म्हणून जनरेटर आहे की फक्त इन्व्हर्टर, इन्व्हर्टरवर पंखे चालतात की नुसते दोन दिवे, हे आधी विचारून ठेवा.

तिसरं: कोण कोण येणार ते कागदावर लिहा

जागा बघण्याआधी माणसं लिहायची. आजींचे गुडघे, सासऱ्यांची शुगर, दोन वर्षांचा भाचा, दहावी झालेली दोन पोरं ज्यांना नेटवर्क लागतंच, आणि स्वयंपाकातून दोन दिवस तरी सुटका हवी असलेली वहिनी. मग एकेकाच्या नजरेने कॉटेज बघा. कमोड आहे का, तळमजल्यावर खोली आहे का, गाडीतून उतरल्यावर पायऱ्या किती? उताराच्या जमिनीवर बांधलेली बरीच कॉटेजेस आहेत, पार्किंग वर आणि खोली खाली तीसेक पायऱ्या उतरून, हे फोटोत कधीच दिसत नाही.

जवळचा डॉक्टर कुठे आहे हे पण याच कागदावर. ॲम्ब्युलन्सला 108, पोलीस आणि बाकी आणीबाणीला 112, पण गाडी यायला वेळ लागतो म्हणून जवळचं ग्रामीण रुग्णालय कुठलं ते मॅपवर आधी शोधून ठेवा, नेटवर्क असताना. विंचू-साप या दिवसात गारव्याला घराजवळ येतात. रात्री टॉर्चशिवाय पाऊल टाकू नका, बूट झटकून घाला. साप चावला तर चिरायचं नाही, चोखायचं नाही, घट्ट आवळून बांधायचं नाही, तो भाग हलू न देता थेट दवाखाना गाठायचा, सरकारी रुग्णालयात सर्पदंशाची लस असते. विंचवालाही हसण्यावारी नेऊ नका, विशेषतः लहान मुलाला चावला तर. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे औषध वापरून विंचूदंशाचे किती जीव वाचवले हे जगाला माहितीय, उपाय आहे, फक्त वेळेत पोचायला हवं.

चौथं: पाण्यात उतरायचं नाही, हे घरीच ठरवा

इथे मी जरा जास्त लिहिणार आहे, कंटाळा आला तरी वाचा. दर उन्हाळ्यात पवनेच्या, मुळशीच्या, भंडारदऱ्याच्या बातम्या येतात, फिरायला आलेली मुलं बुडाली. बुडणाऱ्यात पोहता येणारे पण असतात. कारण धरणाचा तळ समुद्राच्या चौपाटीसारखा हळूहळू उतरत नाही. पाण्याखाली जुन्या शेतांचे बांध आहेत, विहिरी आहेत, पडकी घरं आहेत, नदीचं मूळ पात्र आहे, गुडघाभर पाण्यात उभा असलेला माणूस पुढच्या पावलाला डोकं बुडेल एवढ्या पाण्यात जातो. मे मधे वरचा गाळ उन्हाने कडक दिसतो आणि पाण्याच्या कडेला पाय पोटरीपर्यंत रुततो. मासेमारीची जाळी टाकलेली असतात ती दिसत नाहीत. वरचं पाणी कोमट आणि खाली एकदम गार, त्याने धाप लागते. आणि तिथे जीवरक्षक नसतो. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांची मुलं जिवावर उदार होऊन धावून येतात, पण त्यांना फोन जाईपर्यंत आणि ते येईपर्यंत बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

म्हणून नियम एकच, जलाशयात पोहायचं नाही, डुंबायचं नाही, पाय बुडवून फोटो पण नको. बऱ्याच ठिकाणी तसे बोर्ड आहेत आणि बंदी पण आहे. मुलांना पाण्यात खेळायचंच असेल तर स्विमिंग पूल असलेली जागा बघा, पण पूलची खोली किती, कठडा आहे का, रात्री झाकतात का हे विचारा, आणि तिथेही एका वेळी एका मोठ्या माणसाची ड्युटी लावा, नाव घेऊन, "दोन ते तीन अमोलकाका", मोबाईल बाजूला ठेवून. "सगळे आहेतच की लक्ष द्यायला" म्हटलं की कुणाचंच लक्ष नसतं.

बोटीत बसायचं तर लाईफ जॅकेट आधी, बोट नंतर. बंद लावलेलं जॅकेट, नुसतं गळ्यात अडकवलेलं नाही, आणि लहान मुलाला मुलांच्या मापाचं. मोठ्याचं जॅकेट चार वर्षांच्या मुलाला घातलं तर पाण्यात मूल खालून निसटतं. माप नसेल तर मुलाला बोटीत नेऊ नका, रडू द्या. वारा सुटला असेल किंवा कुणी प्यायलेला असेल तर बोट रद्द.

तरी कुणी पाण्यात गेलंच तर मागे उडी मारू नका, दोर, ओढणी, रिकामा कॅन, बांबू, जे मिळेल ते फेका आणि ओरडून गावातली माणसं गोळा करा. बाहेर काढल्यावर पोट दाबून पाणी काढणं, उलटं धरणं यात वेळ घालवायचा नाही, श्वास चालत नसेल तर तोंडाने श्वास देणं आणि छाती दाबणं लगेच सुरू करायचं आणि 108 येईपर्यंत थांबायचं नाही. घरातल्या एका तरी माणसाने हे शिकून घ्यावं.

पाचवं: पैशाचा हिशोब

दर दोन पद्धतीने सांगतात, माणशी किंवा अख्खा बंगला. आकडे नुसते उदाहरणासाठी: माणशी 1,500 सांगितले आणि तुम्ही आठ मोठे तीन लहान आहात, तर लहानांचा दर कुठल्या वयापासून अर्धा, कुठल्या वयापासून पूर्ण, ते विचारा, नाहीतर 12,000 चे 16,500 होतात. अख्खा 20,000 चा बंगला महाग वाटतो पण त्यात जेवण असेल तर तो बरा पडतो, नसेल तर जेवणाचे पैसे वरून धरा. जेवणात काय, किती वेळा, व्हेज-नॉनव्हेज वेगळं होतं का, बार्बेक्यूच्या नावाखाली चार पनीरचे तुकडे असतात का, सगळं विचारायचं, यात लाज कसली. डिपॉझिट किती आणि परत कधी, जीएसटी धरून की वरून, ड्रायव्हरच्या झोपण्या-जेवण्याचं काय, एक्स्ट्रा गादीचे पैसे किती.

एक गोष्ट नक्की विचारा: गावातल्या मावशींच्या हातचं जेवण मिळेल का? पवन मावळात इंद्रायणी तांदळाचा भात, भंडारदऱ्याकडे नाचणीची किंवा तांदळाची भाकरी, ठेचा, गावरान कोंबडीचा रस्सा, जेवायला दोन तास आधी सांगितलं तर चुलीवरचं गरम मिळतं. बाजूच्या हॉटेलातल्या पनीर बटर मसाल्यापेक्षा कितीतरी चांगलं, आणि पैसे गावात राहतात. करवंदं-जांभळं विकणाऱ्या पोरींकडून द्रोण घ्याच, घासाघीस न करता.

बुकिंगचे पैसे भरताना सावध. दुसऱ्याच कॉटेजचे फोटो लावून ॲडव्हान्स घेऊन गायब होणारे लोक आहेत. जागेचं मॅपवरचं लोकेशन मागा, त्यावरचे जुने रिव्ह्यू आणि लोकांनी काढलेले फोटो बघा (मे मधले शोधा), व्हिडिओ कॉलवर खोली दाखवायला सांगा, यूपीआयला जे नाव दिसतं ते आणि मालकाचं नाव जुळतं का बघा, आणि पूर्ण रक्कम आधी भरू नका. जास्त काळजी नको असेल तर एमटीडीसीचं (राज्याच्या पर्यटन महामंडळाचं) भंडारदऱ्याचं रिसॉर्ट आहे, अगदी जलाशयाकाठी, बुकिंग सरकारी साईटवरून होतं, पण मे च्या शनिवार-रविवारसाठी बरंच आधी करावं लागतं.

सहावं: कुठे आणि कधी

पवना मुंबई-पुण्याहून सगळ्यात जवळ, म्हणून गर्दीही सगळ्यात जास्त. शनिवारी रात्री शेजारच्या कॅम्पवर डीजे असतो, आजी-आजोबा असतील तर सोमवार ते गुरुवारच जा, दरही उतरलेले असतात. तुंग, तिकोना, लोहगड जवळ आहेत पण मे मधे गड चढायचा तर पहाटेच.

भंडारदऱ्याला प्रवरेवरचं विल्सन धरण 1926 साली पूर्ण झालं, शंभर वर्षांचं काम आहे, मुलांना दाखवण्यासारखं. रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर चुकवू नका, पाणी कमी असेल तर बोट तिथवर पोचेलच असं नाही, गाडीने जा. धबधब्यांच्या आशेने मे मधे जाऊ नका. पण मे चा शेवटचा आठवडा ते मोठा पाऊस लागेपर्यंत काजवे असतात, घाटघर, मुतखेल, रतनवाडीच्या बाजूला, हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर, अख्खं झाड एका लयीत उजळतं आणि विझतं. हे बघायला लांबून यावं असं आहे. मात्र हे अभयारण्य आहे, नाक्यावर प्रवेशशुल्क भरा, गाडीचे दिवे आणि मोबाईलचा टॉर्च झाडावर मारू नका, काजवे बाटलीत भरू नका, फांद्या हलवू नका. शनिवारी रात्री त्या अरुंद रस्त्यावर गाड्यांची रांग लागते, मधल्या वारी गेलात तर शांतपणे बघता येतील.

तापोळा-बामणोलीला गर्दी कमी, बोटीतून फिरायला मोठा जलाशय, पण दवाखाना-एटीएम-पेट्रोल सगळं लांब. तान्हं मूल किंवा आजारी माणूस बरोबर असेल तर मी तिथे राहायला सांगणार नाही.

आणि जर तुमच्या घरच्यांना फोटोतलं तेच हवं असेल, काठोकाठ पाणी, हिरवा डोंगर, अंगणातून दिसणारा लेक, तर मे मधे आंबे खात घरी बसा आणि हेच पैसे दिवाळीच्या सुट्टीसाठी ठेवा. नोव्हेंबरात धरण भरलेलं असतं, हवा छान असते, विजा नसतात. दिवाळीत दर चढलेले असतात खरे, म्हणून भाऊबीजेनंतरचे दिवस धरा, शाळा अजून बंद असते आणि गर्दी ओसरलेली असते.

जायचं ठरलं तर, निघताना

रोख पैसे न्या, यूपीआय नेटवर्कवर चालतं. पेट्रोल कामशेत, घोटी किंवा महाबळेश्वरलाच भरून घ्या. ओडोमॉस, ओआरएस, रोजच्या गोळ्या दोन दिवस जादा, दोन चांगल्या टॉर्च, पत्ते, कॅरम बोर्ड गाडीत बसत असेल तर तो पण, कारण दुपार मोठी असते. पिण्याच्या पाण्याचे वीस लिटरचे दोन जार घ्या, मे मधे तिथल्या वाड्यांवर बायकाच हंडे घेऊन लांबून पाणी आणत असतात, बंगल्याचं पाणी टँकरचं असतं, तेव्हा टबमधे आणि शॉवरखाली तासभर राहू नका, मुलांना कारणही सांगा.

कचरा पिशवीत भरून आपल्याबरोबर परत आणा, गावात तो उचलायला घंटागाडी येतेच असं नाही आणि पहिल्या पावसात तो धरणात जातो. चेकआऊटच्या आधी केअरटेकरला बरोबर घेऊन खोल्या दाखवा आणि डिपॉझिट तिथेच उभं राहून परत घ्या. रविवार असेल तर दुपारी तीनच्या आत निघा, संध्याकाळी एक्स्प्रेसवे आणि कसारा घाट दोन्ही तुंबतात आणि गाडीत आजींचे पाय सुजतात.